चंचीची कडी

पिंपळगाव बसवंतच्या प्रदर्शनात सरकारी मांडवापुढे मी आमच्या आईची कडी पाहिली. एक नाही, वीस-पंचवीस कड्या! एका ओळीत मांडलेल्या, वर हिरवा रंग फासलेला आणि प्रत्येक डब्यावर सरकारचा मुकुट. मी तिथंच ओरडले, "दादा, ही आपली यंत्रं!" आणि आमचे दादा, म्हणजे वडील, काय म्हणाले असतील? "हळू बोल, फुले. लोक बघत्यात."

कडीचं नंतर सांगते. आधी यंत्राचं सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का तापले ते तुम्हाला कळायचं नाही.

नदीपलीकडे, आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात, आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, वांगी, मेथी, आणि विहिरीच्या कडेला द्राक्षाच्या थोड्या वेली. द्राक्ष म्हणजे लाडावलेलं पोर. जरा ढग आले की पानांवर भुरी धरते, पिठात बुडवून काढल्यासारखी. तिच्यावर औषध एकच, गंधकाची पूड. ती फडक्यात बांधायची आणि वेलीवर आपटत जायची. अर्धी पूड वेलीवर आणि अर्धी आईच्या डोळ्यांत. संध्याकाळी आईचे डोळे असे लाल व्हायचे की बाजारात बायका विचारायच्या, "सरुबाई, नवऱ्यानं मारलं का गं?" आई म्हणायची, "नाय बाई, द्राक्षांनी मारलं."

एकदा ती विळ्याला पाणी द्यायला हबीबचाचांच्या भट्टीवर गेली. हबीबचाचा म्हणजे आमच्याकडचे लोहार, दादांचे लहानपणापासूनचे दोस्त. भट्टीचा भाता फुसफुसत होता. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हबीबभाई, ह्या भात्याच्या पोटात गंधक घातला तर?"

"तर वहिनी, तुमचा विळा राहील बाजूला आणि माझं दुकान पिवळं होईल."

चेष्टा केली खरी, पण दुसऱ्या दिवशी चाचा बकऱ्याचं कमावलेलं चामडं घेऊन मळ्यात हजर. मग वर्षभर तिघांचं तेच चाललं होतं. बांधायचं, मोडायचं, शिंकायचं, पुन्हा बांधायचं. शेवटी जमलं. गंधकाचा पत्र्याचा डबा पट्ट्यानं गळ्यात अडकवायचा, तो पोटापुढे येतो. डाव्या बगलेत भाता आणि त्याची दांडी. उजव्या हातात नळी. दांडी दाबली की नळीतून धुरासारखा गंधक निघतो आणि बरोबर पानावर बसतो.

दांडी डावीकडे का? कारण आमची आई डावखुरी. लग्न होऊन आल्यावर डाव्या हातानं वाढलं म्हणून त्याच हातावर तिनं पळीचा मार खाल्लाय. दादांनी जन्मात आईला स्वतःहून एक लुगडं आणलेलं नाही, पण चाचांना बजावून सांगितलं, "दांडी डावीकडं बसव. तिच्या हाताला जाईल तशी."

आणि कडी? आईला पानाचं भारी वेड. पान, सुपारी, चुना, तंबाखू, सगळं तिच्या चंचीत, आणि चंची कमरेला. पण डबा अडकवला की चंची त्याच्याखाली दबायची. आई कुरकुरली. मग चाचांनी डब्याच्या उजव्या अंगाला एक छोटी लोखंडी कडी ठोकून दिली. "घ्या वहिनी, तुमच्या चंचीला खुंटी." बस. कडीचं एवढंच काम. यंत्राचं तिच्यावाचून काही अडत नाही, अडतं ते आईचं.

शहरात एक वकीलसाहेब आहेत, त्यांच्या देवपूजेची फुलं आमच्याकडून जातात. त्यांनी यंत्र पाहिलं आणि ते दादांना म्हणाले, "गोटीराम, याचं पेटंट घे." चित्रं काढणाऱ्यानं मळ्यात येऊन डबा, भाता, नळी, कडी, सगळं जसंच्या तसं कागदावर उतरवलं. वकिलांनी विचारलं, "कुणी बनवलं?" दादा म्हणाले, "घरच्यांनी." वकिलांनी लिहिलं, गोटीराम. कलकत्त्याहून मोठ्ठा शिक्का मारलेला कागद आला. यंत्राला हात लावायच्या आधी आता जगाला दादांना विचारावं लागणार, असं मी शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं.

आणि वर्षभरानं हा पिंपळगावचा मांडव!

खात्याचं नाव मी लिहीत नाही. मांडवातला माणूस मात्र छाती काढून सांगत होता, "आमच्या रावसाहेबांनी हे यंत्र शोधून काढलंय. सरकारी मळ्यांवर सगळीकडे हेच वापरतात." एका शेतकऱ्यानं विचारलं, "दांडी डावीकडं का हो?" तो म्हणाला, "शास्त्र आहे त्यात." मी हसणार होते, पण दादांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गेलं. दादा वाकून एका कडीला बोट लावत होते. देवाच्या मूर्तीला लावावं तसं, हळूच.

सर्व्हिस मोटारीनं परत येताना दादा आग्रा रोडभर खिडकीबाहेर बघत होते. मीच बोलत होते. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "पोरी, घसा बसंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी कायद्याचं पुस्तक काढलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "असं आहे गोटीराम, सरकारला आपल्या कामासाठी कुणाचंही पेटंट वापरता येतं. परवानगी लागत नाही. मात्र भरपाई द्यावी लागते."

"म्हणजे आधी घ्यायचं आणि मग विचारायचं?" मी म्हणाले.

"मगही विचारायचं नाही. मग फक्त किती द्यायचं ते ठरवायचं."

"ते कोण ठरवणार?"

"दोघांचं जुळलं तर ठीक. नाहीतर सरकार."

"वा! म्हणजे चोरच फौजदार!"

वकिलांनी दाराकडे पाहिलं. "हिला शाळेत घातलीस ते बरं केलंस, पण जरा आवाज कमी कर म्हणावं."

आवाज कमी कर, आवाज कमी कर! दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घेऊ नये, हे मला बिगरीत शिकवलं. तेव्हा तर छडी मारून मोठ्यानं म्हणवून घेत होते.

अर्ज गेला. दोन महिन्यांनी उत्तर आलं की भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. सरकारी यंत्र निराळं आहे. अर्जदाराच्या यंत्राचा डबा गोल, सरकारी डबा चौकोनी. सरकारी यंत्र रावसाहेबांच्या स्वतंत्र बुद्धीचं फळ आहे. ते वाचून दाखवताना माझा आवाज रागानं फाटला. आई चुलीपुढं बसून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "माझे डोळे जळले ते कुणाच्या बुद्धीचं फळ?"

वकील हटले नाहीत. त्यांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी निरोप आला. मोठे साहेब दौऱ्यावर आहेत, ते मळ्यात येऊन दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी चालवून बघतील आणि यंत्र एकच की निराळं ते तिथंच सांगतील. त्यांचा शब्द शेवटचा.

आणि दिवस कोणता ठरवला? खंडेनवमी!

दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं विसावा घेतात. विळे, कुदळी, पाभर, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, गंध लावायचं, झेंडू वाहायचा, आणि दिवसभर कशालाही कामाला लावायचं नाही. चाचासुद्धा दरवर्षी आपला हातोडा आमच्या पाटावर आणून ठेवतात. "ह्याला पण झोपू द्या एक दिवस, वर्षभर डोकं आपटतोय बिचारा."

तर पाटाच्या मधोमध आमचं यंत्र, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ, शेजारी पेटंटचे कागद घेऊन वकील, आणि दारात मोटार. मोटारीतून उतरले गोरे साहेब, उंच, घामाघूम. त्यांच्यामागून रावसाहेब, कोट, जरीची पगडी, खिशात घड्याळाची साखळी. मागच्या बाजूला चपराशानं सरकारी यंत्र धरलेलं.

साहेब मराठी बोलत होते, अगदी पोथीतलं. "आपण यंत्र चालवून दाखवावे."

दादा हात जोडून म्हणाले, "आज नाय व्हायचं, साहेब. उद्या सकाळी दाखवतो."

"उद्या मी मुंबईस जाणार."

"आज त्याचा सण हाय."

रावसाहेब गालात हसले. "बघा साहेब, मी म्हटलं नव्हतं? कागदावरचं यंत्र आहे. चालतच नसणार."

माझ्या डोक्यात सणक गेली, आणि खरं सांगते, ती रावसाहेबांपेक्षा दादांवरच जास्त होती. मी त्यांना ओढून गोठ्याकडे नेलं. "दादा, एकदा दांडी दाबा! एकदाच! हा गेला की सगळं गेलं!"

"वर्षभर राबतंय ते. एक दिस त्याचा."

"ते यंत्र आहे! त्याला काय कळतंय?"

"बैलाला तरी कुठं कळतं पोळा कधी हाय ते? म्हणून साहेब आला की पोळ्याला बैल जुंपायचा का?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की माझी जीभ जास्तच सुटते. मी तशीच परत आले आणि साहेबांपुढं उभी राहिले.

"साहेब, आमच्या यंत्राला सण आहे. तुमच्या यंत्राला कुठला सण? तुमचं चालवा! रावसाहेबांनी बनवलंय ना? त्यांनीच चालवावं."

चाचांनी तोंडावर उपरण्याचा पदर धरला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग रावसाहेबांकडे. "हे योग्य आहे. आपण चालवावे."

पट्टा पगडीवरून गळ्यात घालताना रावसाहेबांची पगडी तिरपी झाली. डावा हात दांडीवर गेला, पण तो काही त्यांचं ऐकेना. मग त्यांनी हात आडवा नेऊन उजव्या हातानं दांडी दाबली आणि नळी डाव्या हातात धरली. नळी वळली त्यांच्याच छातीकडे. भस्सकन गंधक आला. कोट पिवळा, मिशा पिवळ्या. चपराशी पाठ करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते.

"दांडी या बाजूस का केली?" साहेबांनी विचारलं.

रावसाहेब शिंकले, पण माणूस पक्का. "उजवा हात नळीसाठी मोकळा राहावा म्हणून, साहेब. शास्त्रोक्त विचार आहे."

साहेबांनी मान डोलावली आणि टिपून घेतलं. पटण्यासारखंच होतं ते! खोटं इतकं नीटनेटकं असतं याचाच मला संताप येत होता.

"आणि ही कडी? हिचे कार्य काय?"

रावसाहेबांनी कडीकडे पाहिलं. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच. "ती... तोलासाठी. भात्याचा दाब एका बाजूला येतो, तो समतोल राहावा म्हणून दुसऱ्या अंगाला कडी."

साहेबांनी तेही टिपलं. मी तोंड उघडलं तेवढ्यात रावसाहेबांनी घाईघाईनं पुन्हा दांडी दाबली आणि चामडं करकरलं. एवढा वेळ आई दारात डोक्यावर पदर घेऊन उभी होती. यंत्राचा तो आवाज तिला सोसवला नाही.

"अवो, अवो, फाटंल की चामडं! असं मुरगळायचं आसतंय का? सोडा. द्या इकडं."

"अगं," दादा म्हणाले, "आज..."

"आपल्याची पूजा झालीया. ह्येला कोण पुजतंय? बेवारशी हाय ते." तिनं सरकारी डब्याला आधी हात लावून नमस्कार केला, मग पट्टा गळ्यात घातला. आणि मग रोज सकाळी वेलींत शिरताना ती जे करते तेच तिनं केलं. काही मनात न आणता कमरेची चंची सोडली आणि उजवीकडच्या कडीला अडकवली. कडी तिच्याच मापाची. चंची टप्पकन बसली. आईनं डावा हात दांडीवर ठेवला, उजव्यात नळी घेतली, आणि वेलींच्या ओळीत चालत सुटली. फुस, फुस, फुस. एकेका पानावर पिवळी साय बसत गेली. ओळीच्या टोकाला पोचल्यावर तिनं न बघताच चंचीतून सुपारीचं खांड काढलं, तोंडात टाकलं आणि वळली.

सगळे तिच्या चंचीकडे बघत होते. आईला वाटलं आपलं काही चुकलं. "काय झालं?"

हबीबचाचा म्हणाले, "काय नाय वहिनी. रावसाहेबांच्या समतोलात चुना जरा जास्त झाला."

साहेबांनी वकिलांच्या हातून पेटंटचं चित्र मागून घेतलं, आणि चित्रातल्या गोल डब्याच्या उजव्या अंगाला तीच कडी. त्यांनी पाटावरच्या आमच्या यंत्राकडे पाहिलं, माळेखाली तीच कडी. मग चंचीकडे पाहिलं. मग ते हसले, पण रावसाहेबांकडे बघताना हसू मिशीतच जिरवलं.

"यंत्र एकच आहे," ते म्हणाले. "डबा बदलला. बाकी काही बदलले नाही. सरकार भरपाई देईल."

मी टुणकन उडी मारली! चाचांनी "वाहवा" म्हटलं. पण दादा जागचे हलले नाहीत. ते साहेबांना म्हणाले, "साहेब, एक विचारू का? तुम्ही मागितलं असतं तर मी तसंच दिलं असतं. एक माणूस पाठवून विचारलं का नाय?"

"विचारणे कायद्याने आवश्यक नाही."

"मला ठावं हाय. वकिलांनी सांगितलं. पर का नाय विचारलं?"

साहेबांनी वहीचं पान उलटलं. ते म्हणाले, "आपली आणखी काही मागणी आहे?"

"हाय. त्या मुकुटाखाली नाव घाला."

"आपले?"

दादांचे कान लाल झाले. "नाय. हिचं."

"हिचे म्हणजे?"

आता पंचाईत. आमच्याकडे माणूस चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. दादांनी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली, चाचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वकिलांनाही त्यांनी तेव्हा असंच 'घरच्यांनी' सांगितलं होतं! लाजेपायी आईचं नाव कलकत्त्याला पोचलंच नाही. मी मोठ्यानं ओरडले, इतक्या मोठ्यानं की विहिरीतून माझाच आवाज परत आला, "सरुबाई! सरुबाई गोटीराम माळी!"

या खेपेला कुणी आवाज कमी कर म्हणालं नाही.

साहेबांनी सावकाश वही मिटली. "पेटंट गोटीराम यांचे आहे. आणि सरकारी यंत्रावर केवळ सरकारचे चिन्ह असते. व्यक्तीचे नाव घालण्याची पद्धत नाही." मोटार गेली. रावसाहेब मागे बसले होते, पिवळेच्या पिवळे.

भरपाई आली. दादांनी ती मोजली नाही, वकिलांनीच मोजली. आई म्हणाली, "कडीचे येगळे धरलेत का?" आणि हसली. ती हसते म्हणून मला आणखी राग येतो. तुम्हाला वाटेल, पोरीचं समाधान कशानं होत नाही. नाही होत! पैसे दिले की विचारलं नाही ते फिटतं का? तुमची गाय कुणी सोडून नेली आणि वर्षभरानं दुधाचा हिशेब पाठवला तर तुम्ही त्याला पानसुपारी द्याल?

तरी मी गप्प बसले असते, अगदी खरंच. पण यंदा पुन्हा पिंपळगावचं प्रदर्शन भरलं. पुन्हा तोच मांडव, तीच हिरवी ओळ, डावीकडे दांड्या, उजवीकडे कड्या. आणि मांडवावर कापडी पाटी, मोठ्या अक्षरांत, 'रावसाहेबांनी सुधारलेले यंत्र'. व्यक्तीचं नाव घालायची पद्धत नाही काय? रावसाहेब मग कोण, देव?

दादा कांद्याच्या बियाणाच्या मांडवात गेले होते. मी चाचांच्या भट्टीवरून आणलेला एक लांब खिळा ओटीत घेऊनच निघाले होते, उगीच खोटं कशाला बोलू. मी ओळीच्या टोकाला खाली बसले आणि पहिल्या डब्यावर, बरोबर मुकुटाच्या खाली, हिरवा रंग खरवडून लिहिलं, सरुबाई. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. माझं अक्षर शाळेत पहिलं आहे, पण पत्र्यावर जरा तिरकं येतं. चौथ्यावर 'सरुबा' पर्यंत आले आणि कुणीतरी माझं मनगट धरलं. तोच चपराशी, मळ्यात आलेला.

"ए पोरी, काय करतीस?"

"नाव घालतेय."

त्यानं डब्यावर वाकून वाचलं. मग ओळीकडे पाहिलं, अजून कितीतरी डबे कोरे होते. मग पाटीकडे पाहिलं. माझं मनगट त्याच्या हातात तसंच होतं, पण मी नजर खाली घातली नाही.

"ही तीच का," तो हळूच म्हणाला, "चंचीवाली?"

"तीच. माझी आई."

त्यानं मनगट सोडलं आणि माझ्याकडे पाठ करून, पाय फाकून, माझ्यापुढं आडवा उभा राहिला.

"साहेब जेवून येस्तोवर," तो म्हणाला. "आन् त्यो चौथा पुरा कर आधी. अर्धं नाव बरं दिसत नाय."